रोज थोडी लबाडी

पेंटरने उभा जन्म लोकांच्या दुकानांवर पाट्या रंगवल्या आणि म्हातारपणी एक पाटी स्वतःच्या स्वयंपाकघरात लावली. तीच त्याला नडली.

झालं असं, की बायकोला डिमेन्शिया आहे असं ज्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं, त्याच दिवशी दवाखान्यातून एक पातळशी पुस्तिका मिळाली. घरच्यांनी कसं वागावं, याची. दुसऱ्या कुणी ती फ्रिजवर टाकली असती आणि वर्षभरात तिच्यावर चहाचे डाग पडले असते. पण हा पडला पेंटर. त्याने प्लायवूडचा तुकडा घासला, पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले आणि वर निळ्या-लाल अक्षरांत सहा नियम रंगवून काढले. पहिला, वाद घालू नये. दुसरा, चूक दाखवू नये. तिसरा, त्या म्हणतील ते मान्य करावे. पुढचे तीनही त्याच चालीवरचे. पाटी ओट्याच्या वर टांगली आणि त्या दिवसापासून हा माणूस पाटीबरहुकूम वागायला लागला.

ज्यांना हे जोडपं ठाऊक नाही त्यांना यात वाईट काय झालं ते कळायचं नाही. तेव्हा आधी जोडपं ऐका.

बाई वजनमापं खात्यात इन्स्पेक्टर होत्या, एकतीस वर्षं. पारड्याखाली चिकटवलेलं मेण म्हणा, आतून पोकळ केलेलं वजन म्हणा, त्यांच्या नजरेतून काही सुटलं नाही. दुकानात शिरल्या की आधी पारडं उलटं करून बघणार, मग नमस्कार. अख्खी गल्ली त्यांना इन्स्पेक्टरबाई म्हणायची आणि अहो-जाहो करायची. नवऱ्याला मात्र नुसतं पेंटर आणि अरे-तुरे. त्यालाही त्यात काही वावगं वाटत नसे, म्हणून इथेही तीच रीत ठेवली आहे.

अशा बाईंच्या पदरात नवरा कसला पडावा? एक नंबरचा लबाड. चोर-बिर नव्हे, पण सरळ म्हणून वागायचा नाही. कुंड्यांना पाणी घातलं म्हणायचा आणि माती कोरडी ठणठणीत. फिरून आलो म्हणायचा आणि कोपऱ्यावरच्या बाकावर बसून आलेला असायचा. बाई पकडायच्या, हा कबूल करायचा नाही. सकाळी चहापासून जी जुंपायची ती रात्री दिवा मालवेपर्यंत. शेजारणीला रेडिओ लावायची गरज पडत नसे. सेहेचाळीस वर्षांत 'माझं चुकलं' हे शब्द पेंटरच्या तोंडून बाहेर पडल्याचं कुणाला आठवत नाही.

आणि हा माणूस एका रात्रीत 'हो', 'बरोबर', 'तू म्हणशील तसं' करायला लागला.

बाई आधी गोंधळल्या. मग गप्प झाल्या. तिसऱ्या महिन्यात एका सकाळी त्यांनी चहाचा कप हातात घेतला, पेंटरकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "भाऊ, तुम्ही फार करता हो आमच्यासाठी."

जी बाई जन्मभर 'अहो' म्हणत आली ती 'भाऊ' म्हणाली. पेंटर तिला दुरुस्त करायला निघाला. पण समोर पाटी होती, तिसरा नियम होता.

"त्यात काय एवढं, ताई," तो म्हणाला. म्हणजे बघा.

भाऊ म्हटल्यावर पुढचं सगळं ओघाने आलंच. परक्या पुरुषासमोर बाई कपडे बदलेनात. स्वेटरची बटणं वर-खाली लागलेली असायची, पण पेंटरने हात पुढे केला की त्या मागे सरायच्या. "राहू द्या. आमचे हे येतील, ते लावतील." आंघोळ अर्धीमुर्धी व्हायला लागली. रोज संध्याकाळी बाई खिडकीत उभ्या राहून नवऱ्याची वाट बघायच्या आणि त्यांच्यामागे चार हातांवर नवरा उभा असायचा. हे दुःख कुणाला सांगावं? बायको जवळ आहे, आपली वाट बघतेय, आणि आपण तिला भेटू शकत नाही. पेंटर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडायचा आणि बाहेर येऊन पुन्हा गोड बोलायचा.

लेक दोन तासांच्या अंतरावर राहायची. तिने व्हिडिओ कॉलवर चार दिवस आईच्या अंगात तोच स्वेटर पाहिला आणि तिचा धीर सुटला. तिने एक निवासी केंद्र शोधून काढलं. चांगलं होतं ते, खोटं कशाला बोला. बाग होती, आंघोळीला बायका होत्या, एक खोली रिकामी होती.

"बाबा, ती तुम्हाला ओळखत नाही," लेक म्हणाली. "एका परक्या माणसाबरोबर राहतेय असं तिला वाटतं. तिच्या जागी स्वतःला ठेवून बघा. मी शुक्रवारी चार वाजता येते. आपण तिघं जाऊन खोली बघू आणि होकार देऊन येऊ."

लेकही फोनवर रडतच होती. एरवी पेंटरने तिच्याशी तासभर वाद घातला असता. पण वाद घालायची सवयच मोडली होती. "बरं," तो म्हणाला.

सोमवारी दवाखान्याच्या मदत केंद्रातून एक बाई आली. डिमेन्शिया झालेल्या माणसाला घरात काय मदत लागेल, कोण करेल, कशी करेल, याचा आराखडा करणं हे तिचं काम. बगलेत जाड वही होती, म्हणून पेंटरने तिचं नाव मनातल्या मनात वहीवाली ठेवलं. तिची एक गोष्ट त्याला आवडली. ती आली आणि थेट बाईंच्या समोर जाऊन बसली. लोक हल्ली बाईंना ओलांडून त्याच्याशी बोलायचे.

चहा आला. बाईंनी बशी उलटी करून खालून पाहिली आणि ठेवली. मग बिस्किटांची ताटली उचलून खालून पाहिली. मग वहीवालीची वहीसुद्धा उचलली.

पेंटर ओशाळला. "रोगाचं लक्षण आहे हे," तो हळूच म्हणाला. "दिवसभर चालतं. लिहून घ्या."

वहीवालीने लिहून घेतलं नाही. "काय शोधता, बाई?" तिने विचारलं.

"आहे का काही ते," बाई म्हणाल्या. "पण इथे सगळे सरळ आहेत. काही म्हणजे काही निघत नाही." ज्या गावात कुणी गुन्हाच करत नाही तिथे बदली झालेल्या फौजदारासारखा त्यांचा आवाज होता.

मग त्यांची नजर पाटीवर गेली. "तिसऱ्या ओळीतला काना तिरका आहे."

नव्हता. दोरी धरून आखलेली ओळ होती ती. पण पेंटरने मान डोलावली. "हो, आहे खरा. उद्या नीट करतो."

बाईंचा चेहरा उतरला. "हे भाऊ फार चांगले आहेत," त्या वहीवालीला म्हणाल्या. "सगळं ऐकतात. काना कसा सरळ आहे ते दाखवायला आमच्या ह्यांनी आत्ता ओळंबा आणून माझ्या नाकासमोर धरला असता."

हे मात्र वहीवालीने शब्दन्‌शब्द लिहून घेतलं.

बाई जरा आडव्या झाल्यावर तिने पेंटरला विचारलं, "बाईंचा चांगला दिवस म्हणजे कसा असायचा?"

"सकाळी बागेत फिरणं," पेंटर म्हणाला. "मग गाणी, वाचन."

"हे मला बरं वाटावं म्हणून सांगताय. खरा कसा असायचा?"

पेंटर थोडा वेळ टेबलावरचे चहाचे थेंब पुसत बसला. मग बोलायला लागला. रविवार दुपार. जेवणं झाली की रमी. गड्डीतून एक पान उचलायचं तिथे तो दोन उचलायचा आणि नको असलेलं डाव्या मांडीखाली सारायचा. नेहमी डाव्याच. बाईंना पहिल्या डावापासून माहीत असायचं. पण त्या लगेच बोलायच्या नाहीत, त्याला पुरता गुंतू द्यायच्या. आणि तो जिंकलो म्हणून पानं पसरायला लागला की हुकूम सुटायचा, उठा. मग तो उठायचा नाही, गुडघ्याचं निमित्त करायचा, पान वाऱ्याने आलं म्हणायचा. "संध्याकाळपर्यंत चालायचं," पेंटर म्हणाला, आणि चार महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या तोंडावर हसू आलं.

"आता नाही खेळत?"

"खेळतो की. पण आता मी तिला जिंकू देतो. काहीही पानं टाकली तरी म्हणतो, वा, जिंकलीस. ती पानांकडे बघते आणि खाली ठेवून देते."

"आणि लबाडी?"

"ताई, आजारी बायकोशी लबाडी करीन मी? तुम्ही मला समजता तरी काय?"

"लबाड," वहीवाली शांतपणे म्हणाली. "तुम्हीच सांगितलंत आत्ता."

पेंटरला झोंबलं. पण ती हसत होती, त्यामुळे त्याला नीट चिडताही येईना.

"पुस्तिका चुकीची नाही," ती म्हणाली. "पण ती सगळ्यांसाठी लिहिलेली असते. मी इथे एका माणसासाठी लिहायला आलेय. बाई घाबरल्या, रडवेल्या झाल्या, तर वाद नकोच. तेव्हा पाटीवरचंच करा. पण त्या ज्याची वाट बघताहेत ना, तो माणूस खरंच घरातून गेलाय. त्याच्या जागी तुम्ही एक सज्जन आणून बसवलाय. त्या बिचाऱ्या सज्जनाला नवरा कसं म्हणतील?"

पेंटर उठला आणि पाटी पुन्हा एकदा वाचून आला.

मंगळवारी त्याने मुद्दाम भांडायचं ठरवलं. सकाळी ओट्यापाशी ताठ उभा राहिला, घसा खाकरला आणि भिंतीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "या चहात साखर कमी आहे. हे मी खपवून घेणार नाही."

बाईंनी कप खाली ठेवला. "भाऊ, तुम्हाला बरं नाही का?" असं म्हणून त्याला कॉटवर निजवलं आणि अंगावर घोंगडी घातली. तिसरा नियम होताच. पेंटर धडधाकट असून भर सकाळी तासभर घोंगडीत पडून राहिला.

बुधवारी त्याने बशीखाली मेणाचा गोळा चिकटवला. बाईंनी बशी उलटी केली, नखाने गोळा खरवडला आणि म्हणाल्या, "भांडी नीट धूत जा, भाऊ." विषय संपला.

गुरुवारी त्याने वहीवालीला फोन केला. "नाही जमत हो."

"तुम्ही नाटक करताय," ती म्हणाली. "एकतीस वर्षं दुकानदारांची नाटकं बघितलेली बाई ती. तिला कळणार नाही का?"

"मग काय करू?"

"ते मला तुमच्यापेक्षा जास्त कसं माहीत असेल?"

शुक्रवार उजाडला. पेंटरने सकाळीच आशा सोडली. बाईंचे चांगले कपडे इस्त्री करून खुर्चीवर ठेवले, दवाखान्याचे कागद पिशवीत घातले. जेवणं झाली. चार वाजायला अजून दीड तास होता आणि घरात बसवत नव्हतं. काहीतरी हाताला चाळा म्हणून त्याने पत्ते काढले, पिसले, वाटले. मनात कसलाही डाव नव्हता. शेवटचं खेळून घेऊ, एवढंच.

पानं उचलली आणि पेंटर सरसावून बसला. असा हात त्याला कित्येक वर्षांत आला नव्हता. इस्पिकची सरळ चार पानं, बदामची तीन, तीन राजे, दोन राण्या. फक्त एका पानाने अडलेलं. आता तुम्ही म्हणाल, दीड तासाने बायकोचं घर सुटायचं ठरणार, याला पत्त्यांचं काय सुचतंय. पण स्वभाव म्हणून काही असतो की नाही? चार-पाच पानं ओढली, सगळी फालतू. पेंटरचा जीव वरखाली व्हायला लागला. लेक, खोली, पाटी, पुस्तिका, सगळं डोक्यातून गेलं. डोळ्यांसमोर फक्त गड्डी राहिली.

बाई खिडकीकडे बघत होत्या. पेंटरचा हात गेला आणि एकाऐवजी दोन पानं घेऊन आला. त्यातला एक जोकर. दुसरं पान कधी मांडीखाली गेलं ते त्याचं त्यालाही कळलं नाही.

"लागला डाव," असं म्हणून त्याने पानं पसरली.

बाईंनी पानांकडे पाहिलं नाही. त्याच्याकडे पाहिलं.

"उठा."

"कशाला?" पेंटर म्हणाला. आणि हे त्याने ठरवून म्हटलं नाही. जिंकलेला डाव हातचा जातोय म्हणून पोटातून आलं ते.

"उठा म्हणते ना."

"माझे गुडघे दुखताहेत."

"बसताना नव्हते दुखत."

"बसल्यावर दुखायला लागले. तुला काय माहीत माझ्या गुडघ्यांचं?"

"मला सगळं माहीत आहे. उठा आधी."

"नाही उठणार. हरलीस तर हरलीस म्हण, उगाच माझ्यावर आळ घेऊ नकोस."

दोघांचे आवाज चढले. इतके, की लेकीने बाहेरून किल्ली फिरवलेली कुणाला ऐकू गेली नाही. ती वेळेच्या आधीच आली होती. दारात येऊन बघते तर बाबा लालबुंद आणि आई कमरेवर हात देऊन उभी. लेकीच्या तोंडचं पाणी पळालं. "बाबा, काय चाललंय हे? वाद घालायचा नाही ना तिच्याशी—"

"तू मध्ये पडू नकोस," दोघं एकदम म्हणाली.

बाई टेबलाला वळसा घालून आल्या. वाकल्या, पेंटरच्या डाव्या मांडीखाली हात घातला आणि किलवरची तिर्री बाहेर काढली. उजवीकडे बघितलंसुद्धा नाही. पान त्याच्या नाकासमोर धरलं.

"हे काय?"

"वाऱ्याने आलं असेल."

"खिडकी बंद आहे."

पेंटरने वळून खिडकीकडे पाहिलं. हातातलं पान धरूनच बाई त्याच्याकडे बघत राहिल्या, कपाळापासून हनुवटीपर्यंत, सावकाश. मग त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"अहो," त्या म्हणाल्या, "कुठे होतात इतके दिवस?"

तिच्या खांद्यावर डोकं ठेवून रडावं असं पेंटरला वाटलं. पण रडलो, गोड बोललो, तर ती पुन्हा भाऊ म्हणेल, या भीतीने त्याने स्वतःला सावरलं.

"इथेच होतो," तो म्हणाला. "तुझंच लक्ष नव्हतं."

"खोटं बोलू नका. एक भाऊ येऊन सगळं करत होते बिचारे. चहा द्यायचे, भांडी घासायचे. तुम्हाला काही लाज?"

"चुकलं माझं," पेंटर म्हणाला. सेहेचाळीस वर्षांत पहिल्यांदा.

बाईंनी ते जिंकल्यासारखं ऐकून घेतलं. मग त्याच्यासमोर खुर्ची ओढून बसल्या आणि स्वेटरचं टोक पुढे केलं. "बटणं लावा. वर-खाली झालीत सगळी. मला मेलीला जमत नाही हल्ली."

पेंटरने खालपासून एकेक बटण लावलं. वेळ लागला. लेक खांद्यावरची पर्स न उतरवता दाराच्या चौकटीला टेकून उभी होती आणि नाक पुसत होती.

"तू कधी आलीस?" बाईंनी तिला विचारलं. "बस. बाबांवर लक्ष ठेव. मी पानं वाटते."

त्या दिवशी खोली बघायला कुणी गेलं नाही. लेकीने केंद्राला फोन करून, आत्ता नको, नंतर लागली तर सांगू, असं कळवलं.

पुढच्या सोमवारी वहीवालीने आराखडा पुरा केला. आंघोळीला आठवड्यातून तीन दिवस मदतनीस बाई. संध्याकाळी दोघांनी मिळून फिरणं, कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत. आणि पानाच्या मध्यभागी, बाकीच्या मजकुराच्याच अक्षरात: रोज दुपारी रमी. नवऱ्याने थोडी लबाडी करावी आणि पकडले गेल्यावर लगेच कबूल करू नये. तिच्या साहेबांनी फोन करून विचारलं म्हणे, हे चुकून पडलंय का. नाही, ती म्हणाली, विचार करून लिहिलंय.

सगळे दिवस सारखे गेले असं नाही. अजूनही कधी सकाळी 'भाऊ' ऐकू येतं. मग पेंटर भाऊ होऊन चहा देतो, अंतर ठेवून वागतो, बटणांना हात लावत नाही आणि दुपारची वाट बघतो. दुपारी बहुतेक वेळा 'अहो' येतं. एखाद्या दिवशी येत नाही. तेव्हा तो पत्ते आवरून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पिसतो. आपण या घरात राहिलोय, तीही राहिली आहे, एवढ्यावर तो खूश आहे, आणि विचारलं तर तसं सांगतोही.

ती जुनी पाटी त्याने टर्पेंटाइनने पुसून काढली, पुन्हा पांढरी केली आणि एकच ओळ रंगवली: तपासणी रोज दुपारी दोन वाजता. टांगली आणि बाईंना बोलावलं. बाई आल्या, मान वाकडी करून बराच वेळ बघत राहिल्या.

"पहिल्या शब्दातला काना तिरका आहे," त्या म्हणाल्या.

"तुझी मान तिरकी आहे," पेंटर म्हणाला आणि ओळंबा आणायला गेला.